एक मीटर कापड आणि कढईतील आग

आखातात राहणाऱ्या आपल्या माणसांमध्ये आगीचा विषय निघाला, की काही तारखा आपोआप आठवतात. ३० जुलै २००६ रोजी बहरीनच्या गुदैबिया भागात कामगारांच्या निवासी इमारतीला आग लागून १६ भारतीय कामगार मृत्युमुखी पडले. ११ जानेवारी २०१३ रोजी मनामाच्या मुखारका भागातील एका तीन मजली इमारतीत १३ कामगारांचा बळी गेला. १२ जून २०२४ च्या पहाटे कुवेतमधील मंगफ येथे जी आग लागली, तिच्यातील मृतांत ४० हून अधिक भारतीय होते. या आगी एखाद्या कापडाच्या तुकड्याने विझल्या असत्या, असे म्हणण्याचा अविवेक कोणी करू नये. एका खोलीत किती माणसे कोंबावीत, जिन्याकडे जाणारी वाट मोकळी असावी की नाही, इमारतीची तपासणी कोणी करावी, हे कायद्याचे आणि मालकाच्या जबाबदारीचे प्रश्न आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. कामाचे तास, आरोग्यविमा, खाणकामगारांचे कल्याण या बाबी त्यांनी राज्यसंस्थेच्या कर्तव्याच्या म्हणूनच हाताळल्या. कामगाराच्या सुरक्षिततेचा भार एकट्या कामगाराच्या सावधपणावर टाकणे हे त्या विचारात बसत नाही आणि या लेखाचाही तो हेतू नाही.

तरीही प्रत्येक आगीला एक पहिला मिनिट असतो. त्या मिनिटात अग्निशमन दल आलेले नसते, मालक नसतो, निरीक्षकही नसतो. असतो तो फक्त शेगडीसमोर उभा असलेला माणूस. त्या माणसाच्या हाती काय असावे, एवढाच मर्यादित प्रश्न येथे घेतला आहे. त्याचे एक उत्तर म्हणून अलीकडे फायर ब्लँकेटचे नाव घेतले जाते. बहरीनच्या मोठ्या दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात ही वस्तू काही दिनारांत मिळते. लाल किंवा पांढऱ्या चपट्या डबीत घडी घातलेले कापड आणि खाली लोंबणाऱ्या दोन पट्ट्या, असे तिचे रूप. अनेकांनी ती घेऊनही ठेवली आहे. परंतु ती कशासाठी आहे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कशासाठी नाही, याबद्दल बराच गैरसमज आढळतो.

आपल्या बांधवांच्या खोल्यांतील स्वयंपाकघर कसे असते, ते वाचकांना सांगायला नको. सहा-आठ जणांत एक दोन बर्नरची शेगडी, वेगवेगळ्या शिफ्टमुळे पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत पेटती. खिडकी बंद, कारण बाहेर ४५ अंश आणि आत एसी. येथे संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा गावी रात्रीचे दहा झालेले असतात. मुलांशी बोलायची वेळ नेमकी तीच आणि भाजी फोडणीला टाकायची वेळही तीच. फोन हातात घेऊन माणूस बाहेर गॅलरीत जातो आणि कढई मागे एकटी राहते. स्वयंपाकघरातील आगीचे मूळ बहुधा अशा साध्या अनुपस्थितीत असते, आळशीपणात किंवा अज्ञानात नव्हे.

तेल पेटते म्हणजे काय होते, हे समजल्याशिवाय पुढचे सांगणे व्यर्थ आहे. आपण वापरतो ती बहुतेक रिफाइंड तेले साधारणपणे २०० ते २३० अंश सेल्सिअसच्या आसपास धूर सोडू लागतात. तेच तेल पुन्हा पुन्हा तळणीला वापरले असेल, तर धूर त्याहून लवकर येतो. तापमान चढत चढत साधारण ३५० अंशांच्या पुढे गेले, की ज्योतीचा स्पर्शही लागत नाही, तेल स्वतःहून पेट घेते. म्हणजे धूर ही सूचना आहे आणि भडका हा परिणाम. दोहोंच्या मध्ये काही मिनिटे मिळतात. पातळ बुडाच्या कढईत तेल थोडे असेल, तर तीही फार थोडी. धूर दिसताच शेगडी बंद करणाऱ्या माणसाला फायर ब्लँकेटची गरजच पडत नाही.

भडका उडाल्यावर हात सवयीने पाण्याकडे जातो. लाकूड, कागद, कापूस यांची आग पाण्याने विझते, हे आपण लहानपणापासून पाहिलेले आहे. पण तेलाहून पाणी जड असते. ते तेलाच्या तळाशी जाते, तेथे ३०० अंशांहून अधिक उष्णता असल्याने क्षणात त्याची वाफ होते आणि एक लिटर पाण्याची वाफ सुमारे १७०० लिटर जागा मागते. ती वाफ वरचे जळते तेल थेंबाथेंबाने छतापर्यंत उडवते. कढईभर आगीची खोलीभर आग होण्याचा हा सर्वांत जवळचा रस्ता. पाण्याने भिजवलेला, थेंब गळत असलेला टॉवेल टाकणे हेही त्याच जातीचे. भारतीय घरांत प्रचलित असलेला 'ओले पोते टाका' हा सल्ला पेटलेल्या गवताच्या गंजीसाठी योग्य होता, तेलाच्या कढईसाठी नाही. पीठ किंवा बेसन फेकणे तर त्याहून वाईट, कारण हवेत उडालेले पीठ स्वतः भडकते.

आगीला तीन गोष्टी लागतात, हे शाळेत शिकलेले आठवत असेल: इंधन, उष्णता आणि प्राणवायू. फायर ब्लँकेट यातील फक्त तिसरी काढून घेते. बाकी दोन झाकणाखाली तशाच राहतात. एवढे एक वाक्य लक्षात ठेवले, तर या वस्तूचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत, ते तर्काने सुचतात.

हे कापड आज बहुधा काचतंतूंचे विणलेले असते. काही वेळा त्यावर सिलिकोनचा थर असतो. काचतंतू जळत नाही. काही शेकडा अंशांची उष्णता तो थोडा वेळ सहज सोसतो. पूर्वी यासाठी ॲस्बेस्टॉसचे कापड वापरले जाई. त्याच्या सूक्ष्म तंतूंनी फुप्फुसांचे गंभीर आजार व कर्करोग होतो हे सिद्ध झाल्यावर ते अनेक देशांतून हद्दपार झाले. एखाद्या जुन्या कारखान्यात तसे ब्लँकेट भिंतीवर दिसले, तर त्याला हात लावू नये. लोकरीची ब्लँकेटेही वापरात होती आणि त्यात आश्चर्य काही नाही. हवेत प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते आणि लोकरीला स्वतःहून जळत राहण्यासाठी साधारण २५ टक्के लागतो. म्हणून लोकर ठिणगीने करपते, पण ज्योत दूर झाली की सहसा विझते. धनगरांनी विणलेली जाडजूड घोंगडी शेकोटीशेजारी पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली, तिच्या टिकाऊपणामागे हेही एक कारण असावे.

याच्या उलट उदाहरण आपल्या बॅगेतच असते. सुट्टीवर जाताना आखातातून न्यायचे ठरलेले ते मऊ, फुलाफुलांचे मिंक ब्लँकेट. ते पॉलिस्टरचे असते. पॉलिस्टर २५० ते २६० अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे पेटलेल्या तेलावर ते टाकले, तर कापड उरतच नाही, जळता चिकट रस उरतो. तो हाताला लागला तर सुटत नाही. 'ब्लँकेट टाका' एवढेच अर्धवट ऐकून कोणी पलंगावरचे पांघरूण ओढून आणू नये, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता निवडीकडे येऊ. डबीवर 'ईएन १८६९' हा मानकाचा क्रमांक आहे का, हे पहिले पाहावे. हे युरोपीय मानक १९९७ मध्ये आले आणि २०१९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. त्यामुळे क्रमांकानंतर २०१९ असे लिहिलेले असेल, तर ते अधिक चांगले. ज्या डबीवर कोणतेही मानक नाही, उत्पादकाचे नाव नाही, फक्त ज्वाळांचे रंगीत चित्र आणि 'फायरप्रूफ' असा शब्द आहे, ती कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी. ऑनलाइन चार-चारच्या संचात विकल्या जाणाऱ्या अतिस्वस्त ब्लँकेटांबाबत माझा हाच आग्रह आहे. आम्हा संगणकाच्या लोकांत एक म्हण आहे, की जो बॅकअप कधी तपासला नाही, तो बॅकअप नव्हेच. न तपासलेल्या ब्लँकेटची योग्यता तेवढीच.

आकाराबाबत 'मोठे ते चांगले' हा नियम लागू पडत नाही. एक मीटर बाय एक मीटरचे कापड लहान पातेले किंवा तवा झाकायला पुरते. दोन बर्नरच्या शेगडीसाठी १.२ मीटर बाय १.२ मीटर घ्यावे. १.८ मीटरचे चौरस कापड माणसाला गुंडाळण्यास उपयोगी, पण स्वयंपाकघराच्या चिंचोळ्या जागेत ते जमिनीवर लोळते, पायात अडकते आणि बेताच्या उंचीच्या माणसाला आवरत नाही. घरी आणल्यावर एकदा पट्ट्या ओढून पाहाव्यात. कापड एका ओढीत बाहेर आले पाहिजे. उजेडासमोर धरल्यावर वीण चाळणीसारखी दिसत असेल, तर ते परत करावे. मग पुन्हा तशीच घडी घालून ठेवावे. घडी उत्पादकाने दाखवल्याप्रमाणेच हवी, नाहीतर आणीबाणीच्या वेळी पट्ट्यांऐवजी मधला भाग हाती येतो.

येथपर्यंत बहुतेक माहितीपत्रके सांगतात. त्यांत सहसा न येणारी गोष्ट वेगळी आहे. नेदरलँड्सच्या अन्न व ग्राहकवस्तू सुरक्षा प्राधिकरणाने २०१३-१४ मध्ये, भाजलेल्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या तेथील संस्थेच्या सोबतीने बाजारातील २२ फायर ब्लँकेटांची पेटलेल्या तेलावर परीक्षा घेतली. त्यांपैकी १६ ब्लँकेटांनी स्वतःच पेट घेतला. उरलेल्या सहांनी आग झाकली खरी, पण १७ मिनिटांनी ब्लँकेट उचलताच तेल पुन्हा भडकले. परीक्षा झालेल्या ब्लँकेटांत मानकाचा क्रमांक मिरवणारीही होती. तेल-तुपाच्या आगीवर फायर ब्लँकेट वापरूच नये, असा निष्कर्ष त्यांनी जाहीर केला. मग डबीवरच्या पेटलेल्या कढईच्या चित्राचे काय करायचे?

याचे उत्तर वर सांगितलेल्या एका वाक्यात आहे. प्राणवायू तोडला तरी तेल आणि त्याची उष्णता खाली शाबूत असते. तापलेल्या तेलाची वाफ कापडाच्या विणीतून वर येते. कापड तेलाला टेकले, तर दिव्यातल्या वातीसारखे ते तेल शोषते. काच जळत नाही, पण काचेच्या कापडात मुरलेले तेल जळतेच. तेल जितके अधिक आणि कढई जितकी खोल, तितका हा धोका मोठा.

माझे मत असे आहे. कढई पेटली तर पहिला उपाय झाकण. आपल्या स्वयंपाकघरात त्यासाठी परातीसारखे साधन नाही: धातूची, रुंद, उथळ. ज्योतीवर वरून न टाकता ती बाजूने सरकवत न्यावी. काचेचे झाकण उष्णतेने फुटू शकते, म्हणून ते नको. परात किंवा झाकण हाताशी नसेल, तेल थोडे असेल, ज्वाळा कढईच्या काठापुरत्याच असतील आणि आपल्या मागे दार मोकळे असेल, तरच फायर ब्लँकेटचा विचार करावा. पुऱ्या तळायची खोल कढई किंवा भांडेभर तेल पेटले असेल, तर ब्लँकेट विसरून जावे. शक्य असल्यास गॅस बंद करावा, दार ओढून घ्यावे, इतरांना हाका मारत बाहेर पडावे. हा सल्ला काहींना पळपुटेपणाचा वाटेल. पण स्वयंपाकघर पुन्हा रंगवता येते.

वापरायची वेळ आलीच, तर दोन पट्ट्या धरून कापड ओढावे आणि वरच्या कडा मनगटातून वळवून अशा धराव्यात की बोटे आणि हाताची पाठ कापडामागे झाकली जाईल. कापड छातीसमोर ढालीसारखे असावे. आगीवर फेकू नये. फेकल्याने वारा लागतो आणि तेल सांडते. आपल्या जवळच्या काठापासून सुरुवात करून पलीकडे हलकेच पसरत जावे, म्हणजे ज्वाळा आपल्यापासून दूर ढकलल्या जातात. कडेने फट राहू देऊ नये. गॅसचे बटण ज्वाळेवरून हात न नेता पोचण्यासारखे असेल, तर आधी अथवा लगेच नंतर बंद करावे. तसे नसेल तर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा. कढई उचलून मोरीत किंवा बाहेर नेण्याचा मोह तर मुळीच नको. गंभीर भाजण्याच्या घटना या चार पावलांच्या प्रवासात घडतात.

त्यानंतरची सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे काहीच न करणे. विझले का, म्हणून कोपरा उचलून पाहायचा नाही. डच परीक्षेतील १७ मिनिटे लक्षात ठेवावीत आणि अर्ध्या तासाच्या आत, किंबहुना भांडे पूर्ण थंड होईपर्यंत, कापडाला हात लावू नये. कापडातून धूर किंवा ज्योत वर येताना दिसली, तर दुसरे काही करून पाहण्यात वेळ न घालवता बाहेर पडावे.

तेल वगळले तर ब्लँकेटचा उपयोग निर्विवाद असलेल्या जागा बऱ्याच आहेत. कचऱ्याच्या डब्यात पडलेली विडी, शेगडीजवळ पेटलेले फडके, आणि आपल्या घरांत विशेषतः तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर लावलेल्या मेणबत्त्या. वैशाख पौर्णिमेला किंवा ६ डिसेंबरला भाड्याच्या फ्लॅटमधील एखाद्या कपाटावर, पडद्याच्या वितभर अंतरावर दहा-पंधरा मेणबत्त्या तेवत असतात, मागे प्लास्टिकच्या फुलांची आरास आणि खाली नायलॉनचा पडदा. मेणबत्त्या पाण्याच्या ताटात ठेवाव्यात आणि पडदा बांधून घ्यावा, हे तर आहेच. पण एवढी आग झाकायला ते एक मीटर कापड अगदी योग्य साधन आहे.

अंगावरचे कपडे पेटणे ही दुसरी जागा. महाराष्ट्रात पंपाच्या स्टोव्हच्या काळात नायलॉनच्या साडीने किती स्त्रियांचे प्राण घेतले, याची आठवण जुन्या पिढीतील प्रत्येकाला आहे. कपडे पेटलेला माणूस धावतो आणि धावल्याने ज्वाळा तोंडाकडे जातात. त्याला आधी आडवे पाडावे. ब्लँकेट मानेपासून खाली गुंडाळावे, चेहरा मोकळा ठेवावा आणि त्याला जमिनीवर लोळवावे. ज्योत विझताच ब्लँकेट काढावे, कारण ते आतली उष्णताही कोंडून धरते. त्वचेला चिकटलेले कापड ओढू नये. भाजलेल्या जागेवर २० मिनिटे वाहते थंड पाणी धरावे. हळद, टूथपेस्ट, बर्फ यांपैकी काहीही लावू नये.

येथे बहरीनची एक अडचण आहे, जी पुण्या-नागपूरच्या माहितीपत्रकात सापडणार नाही. मे ते सप्टेंबर गच्चीवरील टाकीतून येणारे नळाचे पाणी इतके तापलेले असते, की ते भाजलेल्या त्वचेवर धरणे म्हणजे दुसरी इजा. येथील जुने रहिवासी उन्हाळ्यात गीझर बंद ठेवतात. घरात असलेल्या गीझरमधील पाणी एसीमुळे निवते आणि गरम पाण्याचा नळच थंड नळ होतो. ती युक्ती अशा वेळी कामी येते, पण गीझर लहान असतो आणि २० मिनिटे पुरेलच असे नाही. म्हणून पिण्याच्या पाण्याचा एक मोठा कॅन खोलीत सावलीला सदैव भरलेला असावा.

विजेच्या आगीत आधी मुख्य स्विच पाडावा, मगच कापडाला हात लावावा. ज्यांच्या खोलीत डिलिव्हरीच्या दुचाकीच्या किंवा स्कूटरच्या बॅटऱ्या चार्ज होतात, त्यांनी ध्यानात घ्यावे की लिथियम बॅटरीची आग या ब्लँकेटने विझत नाही. तिला लागणारी उष्णता आणि काही प्रमाणात प्राणवायूही ती आतूनच निर्माण करते. तेथे एकच मार्ग, बाहेर. गळणाऱ्या सिलिंडरच्या तोंडाशी ज्योत असेल आणि व्हॉल्व्ह बंद करता येत नसेल, तर ती झाकून विझवूही नये. ज्योत विझली आणि गॅस वाहत राहिला, तर खोली भरते आणि पुढचे एका ठिणगीचे काम उरते.

१४ एप्रिलच्या निमित्ताने होणाऱ्या आपल्या सामुदायिक भोजनाबद्दलही लिहिणे आवश्यक आहे. तेथे मोठ्या कढईत पुऱ्या आणि भजी तळल्या जातात, भोवती मुले असतात. त्या कढईसमोर घरगुती फायर ब्लँकेट हे साधन नव्हे. तेथे तेलाच्या आगीसाठीचे वेट केमिकल अग्निशामक यंत्र हवे, ज्यावर युरोपीय पद्धतीने 'एफ' किंवा अमेरिकन पद्धतीने 'के' हा वर्ग लिहिलेला असतो. त्यातील पोटॅशियमच्या क्षारांचा द्रव गरम तेलावर पडला, की साबणासारखा फेस तयार होतो. तो हवा अडवतो आणि तेलही निववतो. म्हणजे ब्लँकेटला जे साधत नाही, ते दुसरे अर्धे काम तेथे होते. हॉल आरक्षित करतानाच व्यवस्थापनाला हे यंत्र आहे का, असे विचारण्याची जबाबदारी एका कार्यकर्त्यावर सोपवावी.

राहता राहिली ब्लँकेट टांगण्याची जागा. शेगडीच्या वरची भिंत ही सर्वांत वाईट, कारण ते घेण्यासाठी ज्वाळांवरून हात न्यावा लागतो. स्वयंपाकघराच्या दाराशी, छातीच्या उंचीवर, पिशव्या आणि टॉवेल यांच्याखाली दडणार नाही असे ते असावे. डबीवरील सूचना इंग्रजीत आणि अरबीत असतात. खोलीतील आठ जणांत कोणी मराठी, कोणी तेलुगू, कोणी बंगाली बोलणारा असतो. नवीन माणूस राहायला आला, की पहिल्याच सुट्टीच्या दिवशी थंड, रिकाम्या कढईवर जुनी चादर टाकून त्याच्याकडून एकदा सराव करून घ्यावा. पाच मिनिटे लागतात. आगीवर एकदा वापरलेले ब्लँकेट पुन्हा घडी घालून ठेवू नये. त्याचे तुटलेले काचतंतू हाताला खाजतात, म्हणून ते पिशवीत बांधून टाकावे आणि नवे आणावे.

डबीच्या शेजारी एक कागद चिकटवावा. त्यावर वर ९९९ हा आणीबाणीचा क्रमांक आणि त्याखाली तीन आकडे: इमारतीचा, रोडचा आणि ब्लॉकचा. बहरीनमध्ये पत्ता याच तीन आकड्यांनी सांगितला जातो. आपण मात्र वर्षानुवर्षे 'हूरामध्ये, अमुक हॉटेलाच्या मागे' असे सांगत राहतो आणि मित्र पोचतोही. फोनच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाला ते हॉटेल ठाऊक नसते. इमारतीच्या दारावरच्या पाटीवर ते आकडे असतात. आज घरी जाताना ते उतरून घ्यावेत आणि मजला व फ्लॅटचा क्रमांक त्याच कागदावर लिहून ठेवावा.